हायब्रीडचं बी उगवत नाही म्हणे

आमच्या खंडाळा तालुक्यात टोमॅटोविषयी दोन वाक्यं फिरत असतात. पहिलं बी-बियाणाच्या दुकानात ऐकू येतं, ‘हायब्रीडचं बी धरू नका, ते उगवत नाही.’ दुसरं शहरातून शेती बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडी असतं, ‘हायब्रीड म्हणजे विष. देशीच लावा.’ ही दोन माणसं एका पंगतीला बसायची नाहीत. पण दोघांचं ऐकलं की शेवट एकच होतो. घरातल्या बाईने हातातलं बी टाकून द्यायचं आणि कुणीतरी आणून देईल त्याची वाट बघायची. मला या दोघांशी भांडायचंय. त्याआधी स्वतःशी भांडून घेतो, कारण पहिलं वाक्य आमच्या घरात मीच आणलं होतं.

1986 च्या सुमाराची गोष्ट. विहिरीखालच्या अर्ध्या एकरात मी हायब्रीड टोमॅटो लावला होता. बाजारात नवा माल, भाव बरा मिळाला, त्यामुळे आपल्याला लई कळतं असं मला वाटायला लागलेलं. आईचं परडं गोठ्यामागं होतं. मोरीचं पाणी तिकडं जायचं. त्या पाण्यावर चार वांगी, मिरच्या, अळू, दोडक्याचा एक वेल आणि दहा-बारा टंबाटी. टोमॅटोला ती मरेपर्यंत टंबाटीच म्हणाली. माझ्या रानातलं एक चांगलं पिकलेलं फळ ती बाजूला ठेवायची, गाडग्यात पिळायची, दोन दिवसांनी धुऊन राखेत घोळायची आणि चिंधीत पुरचुंडी बांधून तुळईला अडकवायची.

मी हसायचो. ‘आये, हायब्रीडचं बी उगवत न्हाय. दुकानदार सांगतोय.’

ती परड्याकडं हात करायची. ‘मग ही काय उगवलंय?’

उगवलं होतंच की. पण सारखं नव्हतं. एका झाडाची फळं गोल, दुसऱ्याची चपटी, तिसऱ्याची लांबोडकी. एक झाड गुडघ्याएवढंच राहायचं, एक कुडावर चढायचं. मला तो सगळा गबाळा कारभार वाटायचा. आई मात्र रोज सकाळी त्या झाडांतून फिरायची आणि हंगामाच्या मध्यावर एका-दोघांना चिंधी बांधायची. म्हणायची, ‘ह्येचं धरायचं.’ असं चार-पाच वर्षं चाललं. शेवटी शेवटी तिच्या परड्यातली बरीच झाडं एकसारखी दिसायला लागली होती. हे मी डोळ्यांनी बघितलं, पण ध्यानात घेतलं नाही.

मग घराची तुळई बदलायला काढली. वरच्या सगळ्या पुरचुंड्या खाली काढल्या आणि मी त्या उकिरड्यावर टाकल्या. आईला म्हटलं, तुला पाकिटातलं बी आणून देतो. ती एवढंच म्हणाली, ‘आणि त्ये संपल्यावर?’ मी पाकीट आणून दिलं. पुढच्या वर्षी विसरलो. त्यानंतर आमच्या परड्यात टोमॅटो झाला नाही. टोमॅटो पिकवणाऱ्याच्या घरात टोमॅटो बाजारातून यायला लागला.

आता दुकानदाराच्या वाक्याकडं वळतो.

हायब्रीडचं बी उगवतं. चांगलं उगवतं. ऊब असेल तर सहा ते आठ दिवसांत कोंब वर येतो. फक्त ते आईबापासारखं निघत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. दोन वेगवेगळे शुद्ध वाण निवडतात. एकाचं फळ टणक, दुसरं रोगाला दणकट, असं काही. एकाच्या फुलात दुसऱ्याचे पराग घालतात. त्या फळातलं बी म्हणजे पाकिटातलं हायब्रीड. ही पहिली पिढी सगळी एका साच्यातली असते. पण तिच्या पोटात दोन्ही घराणी असतात. तिचं बी धरलं की पुढच्या पिढीत ती घराणी वेगवेगळ्या मेळाने बाहेर पडतात. दहावीपर्यंत जे काही शिकलो त्यातला मेंडेलचा वाटाणा एवढा एकच धडा मला पुढे शेतात भेटला. त्या पाद्र्याने हे 1866 साली छापून ठेवलंय.

आपल्या गोठ्यातलं उदाहरण घ्या. संकरित गाय व्याली की कालवड आईएवढंच दूध देईल याची खात्री नसते. म्हणून ‘संकरित गाईला कालवड होतच नाही’ असं कुणी म्हणतं का? ‘सारखं होत नाही’ आणि ‘होत नाही’ यांत फरक आहे. दुकानात तो फरक गिळला जातो. गिऱ्हाईक परत यावं म्हणून असेल, किंवा दुकानदारालाही कुणी सांगितलं नसेल.

बी विकणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. बुलढाण्याकडं देऊळगाव राजाच्या बाजूला आणि जालन्याच्या भागात शेडनेटमध्ये हे बी तयार होतं. तिथं बायका चिमटा घेऊन बसतात. कळी उमलायच्या आदल्या दिवशी तिच्यातली पिवळी नळी, म्हणजे नर, अलगद काढतात. कोवळी कळी मोडली तर फळ गेलं, उशीर झाला तर फूल स्वतःच फळून मोकळं. दुसऱ्या दिवशी त्या फुलाला बापाच्या वाणाचे पराग लावतात. एकेक फूल असं हाताने. एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया बसतात आणि त्यातली प्रत्येक अशा हातातून गेलेली असते. त्या मेहनतीचा दाम द्यायला माझी ना नाही. बंगळूरच्या इंडो-अमेरिकन कंपनीने 1973 साली ‘कर्नाटक’ नावाचा हायब्रीड टोमॅटो आणला, तेव्हापासून आपल्याकडं हा धंदा वाढत गेला. माझ्यासारख्यांची कर्जंही त्यावर फिटली आहेत. बुडालीही आहेत, पण ते भावाने.

आणि बाजाराच्या रानात दुकानदाराचंच बरोबर आहे, हेही कबूल. एकरात पाच-सहा हजार रोपं लावायची, तार-काठी करायची, फळ एका मापाचं हवं, क्रेटमध्ये टणक राहून पुण्या-मुंबईला पोचायला हवं. तिथं घरी धरलेलं बी टाकाल तर अडत्या क्रेट उलटं करून दाखवेल. तिथं पाकिटच आणा, मीही आणतो. माझं भांडण परड्यापुरतं आहे. परड्यात फळ लहानमोठं झालं म्हणून कुणाचं बिघडतंय? कालवणात पडल्यावर माप कोण बघतो?

कायद्याचीही भीती घालतात. ‘कंपनीचं बी आहे, धरलं तर गुन्हा होतो.’ साफ खोटं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 साली झाला. त्याच्या 39 व्या कलमात शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, पुन्हा पेरायचा, देवाणघेवाण करायचा, एवढंच काय विकायचाही हक्क दिलाय. ब्रँडचं नाव लावून, पाकिटबंद करून विकायला तेवढी बंदी आहे. हे कलम दुकानाच्या भिंतीवर लावलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडं. त्याचा मला जास्त राग येतो, कारण ते बोलणारी माणसं चांगली असतात.

‘हायब्रीड’ ही आपल्याकडं शिवीच झाली आहे. सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी 1964 साली आली. पुढं तिची भाकरी खाताना म्हातारी माणसं तोंड वाकडं करायची. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर पोट भरायला ती पुढे आली हे सांगायचं विसरायची. तेव्हापासून पोरगं काटक नसलं तरी हायब्रीड, लग्न मोडलं तरी हायब्रीड जमाना. शब्द बदनाम झाला आणि त्याचा अर्थ कुणी विचारला नाही. आता तर हायब्रीड आणि जनुक बदललेलं पीक लोक एकच धरतात. जनुक बदललेला टोमॅटो आपल्या देशात लावायला परवानगीच नाही. हायब्रीड म्हणजे दोन टोमॅटोंचं लग्न, दुसरं काही नाही. विष असतं ते फवारणीत. फवारणारा मी असतो, बी नसतं.

आणि देशी टोमॅटो म्हणजे कुठला हो? टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेकडचा. पोर्तुगिजांच्या मागोमाग आपल्याकडं आला. ज्ञानेश्वर-तुकोबांच्या घरच्या जेवणात तो नव्हता. ज्याला आपण गावठी म्हणतो तोही कधीतरी परकाच होता. आपल्या बायकांनी दरवर्षी बी धरून धरून त्याला गावठी केला. गावठीपण बियात नसतं, धरण्यात असतं. जुनी माणसं ज्या पुसा रुबीची आठवण काढतात तो दिल्लीच्या संस्थेने दोन वाणांच्या संकरातूनच काढला आणि पुढं निवड करून स्थिर केला. आमच्या राहुरीच्या विद्यापीठाची धनश्री निवडून स्थिर केलेली आहे, तिचं बी धरलं तर तसंच येतं. ज्याला लगेच सारखं फळ हवं त्याने ती लावावी.

चवीचं म्हणाल तर निम्मा दोष तोडणीचा आहे. बाजाराचा माल आम्ही हिरव्यावर जरा लाली चढली की तोडतो. तो क्रेटमध्ये, गाडीत, दुकानात पिकतो. दूर पोचावा म्हणून साल जाड ठेवलेले वाण निवडले जातात, हाही दोष आहेच. पण तेच हायब्रीड झाड परड्यात लावा, फळ देठावर लाल होऊ द्या आणि उन्हात तापलेलं फोडून मीठ लावून खा. मग बोला.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बी राखल्याबद्दल पद्मश्री मिळाली. त्यांना माझा हात जोडून नमस्कार. त्यांच्या डोंगरात बी शिल्लक होतं, त्यांनी ते जपलं. पण आमच्यासारख्या पाट-पाण्याच्या गावांत, जिथं उसानं, बाजाराच्या मालानं आणि माझ्यासारख्या शहाण्यांनी जुनं बी कधीच घालवलंय, तिथल्या बाईनं काय करायचं? पाहुणे सांगतात, देशी बी मागवा. म्हणजे पुन्हा पाकीट, नुसतं वरचं चित्र वेगळं. मी म्हणतो, हातात जे आहे तिथून सुरू करा. हातात हायब्रीड आहे.

उसाकडं बघा म्हणजे पटेल. नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र 1932 पासून आहे. आपण लावतो तो 86032 ऊस संकरातून आलेला आहे. त्याला कुणी विष म्हणत नाही, कुणी भीत नाही. का? कारण त्याचं बेणं आपल्या हातात आहे. शेजाऱ्याच्या फडातून दोन गाड्या बेणं आणतो, पुढच्या वर्षी तिसऱ्याला देतो. उसाचं कांडं लावलं की तोच ऊस येतो, टोमॅटोला तेवढे कष्ट जास्त आहेत, इतकाच फरक. पण बेणं ओळखायची नजर उसात टिकली आणि टोमॅटोत गेली.

नजर गेली म्हणजे काय होतं ते 2020 च्या उन्हाळ्यात बघितलं. लॉकडाऊनमध्ये टोमॅटोवर फळाला पिवळे-पांढरे पट्टे पाडणारा रोग आला. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं. सगळ्यांनी आधी बियाण्याकडं बोट दाखवलं. मीही दाखवलं. नमुने बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेत गेले, तिथं मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. तो मावा पसरवतो. मी आमच्या भागातली रानं बघत फिरलो ते दोष कुणाचा हे शोधायला. आई असती तर तिने उभं कोण राहिलंय ते बघितलं असतं आणि त्या झाडाला चिंधी बांधली असती. ते झाड खरंच दणकट निघालं असतं की नुसतं नशिबानं वाचलं असतं, ते पुढच्या हंगामात कळलं असतं. आम्ही तो प्रश्नच विचारला नाही.

म्हणून 2021 पासून मी पुन्हा परड्यात उतरलो. एका चांगल्या हायब्रीड झाडाची दोन फळं झाडावरच पूर्ण पिकू दिली. मग आईसारखंच केलं. गर एका गाडग्यात पिळला, पाणी घातलं नाही, दोन-तीन दिवस झाकून ठेवला. वर पांढरी साय येते, वास मारतो. तो येऊ द्यायचा, कारण बियाभोवतीचा बुळबुळीतपणा त्यानेच सुटतो आणि तो राहिला तर बी नीट उगवत नाही. पाणी घालून हलवलं की पोचट बी वर तरंगतं, भरीव खाली बसतं. खालचं धुऊन ताटलीत सावलीत वाळवायचं. कागदावर नको, चिकटतं. कोरड्या बरणीत राखेसंगं ठेवलं तर तीन-चार वर्षं टिकतं.

जूनमध्ये फुटक्या घमेल्यात बी टाकलं, चार-पाच पानांवर रोपं आली तेव्हा परड्यात लावली. चोवीस झाडं. त्यातल्या सात झाडांना बोकड्या झाला, पानं चुरगळून गेली. हायब्रीडला तो फारसा होत नव्हता, पण रोगाला तोंड द्यायचा गुण पुढच्या पिढीत सगळ्यांना मिळत नाही. ती सात उपटून टाकली. पाच झाडांची फळं पावसात तडकली. तीन आंबटढाण. उरलेल्यांत दोन झाडं मनासारखी होती. पण मी शहाणपणा केला, एकाच झाडाचं बी धरलं आणि तेही सगळ्यात मोठ्या फळाचं. पुढच्या वर्षी फळं मोठी आली, पण झाडाला सहा-सहाच. तेव्हा कळलं, फळ बघून बी धरायचं नसतं, झाड बघून धरायचं असतं. आई रोज सकाळी फिरायची ती यासाठी.

पहिल्या वर्षीच्या दुसऱ्या झाडाचं थोडं बी कारभारणीने मला न सांगता ठेवलं होतं. त्यावरच आमचं पुढचं सगळं उभं आहे. टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःचं स्वतः फळतं, त्यामुळं दर पिढीला वेडंवाकडं निघणं साधारण निम्म्याने कमी होत जातं. सहा-सात पिढ्यांत वाण बराचसा बसतो. वर्षात दोन हंगाम धरले तर तीन-चार वर्षांचं काम. दोन गोष्टी सांभाळा. पानावर हिरवे-पिवळे चट्टे असलेल्या झाडाचं बी कधी धरू नका, काही रोग बियातून जातात. आणि तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला शिवू नका, तंबाखूतला विषाणू टोमॅटोला लागतो. आमच्या गावात ही दुसरी अट सगळ्यात अवघड आहे.

आमचा वाण आता बराच एकसारखा येतो. मध्यम फळ, जरा चपटं, साल पातळ, आंबटगोड. लोणंदच्या बाजारात नेलं तर कुणी विचारणार नाही, दुसऱ्या दिवशी मऊ पडतं. घराला पुरून उरतं. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला तेव्हा आमच्या घरात तो विकत आणला नाही आणि पुढं महिना-दोन महिन्यांत भाव पडला तेव्हाही काही बिघडलं नाही. एवढीच मिळकत. मला ती पुरे वाटते.

सूनबाई मध्ये म्हणाली, ‘मामा, ह्याला आजींच्या नावाने ओळखूया.’ मी नाही म्हटलं. आईचा वाण मी उकिरड्यावर टाकला, तो परत येणार नाही. हा दुसरा आहे. नाव द्यायचंच तर कारभारणीचं द्या, तिने बी लपवलं म्हणून तो आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला दुकानात कुणी म्हणालं, हायब्रीडचं बी उगवत नाही, तर पाकीट घ्या, पैसे द्या आणि विचारा, ‘उगवत नाही, का सारखं उगवत नाही?’ शहरचा पाहुणा विष म्हणाला तर त्याला परड्यात नेऊन एक फळ खायला द्या. आणि घरातली बाई गाडग्यात टंबाटं पिळत असेल तर तिला हसू नका. तुळईला जागा करून द्या.